पोहोचल्यावर द्यायचा रुपया

१

मुकुंदवाडीत आपाच्या फ्लॅटला नळाचं पाणी आठवड्यातून एकदा येतं, आणि ते नेमकं कधी येईल हे कुणालाच सांगता येत नाही. म्हणून आपा आणि दुल्हेभाई परदेशी निघाले तेव्हा घराची किल्ली माझ्याकडे आली. काम सोपं होतं. शाळा सुटली की तिकडं जायचं, कुंड्यांना पाणी घालायचं, दहावीची पुस्तकं उघडून बसायचं, आणि खालच्या मजल्यावरून द्वारकाबाईंनी "राहत, नळ आला गं!" अशी हाक मारली की मोटार लावून दोन्ही ड्रम भरून घ्यायचे. अंधार पडायच्या आत अब्बा स्कूटरवर येऊन मला शहागंजला घरी नेत.

मला तो फ्लॅट आवडतो. बाल्कनीतून रेल्वेचे रूळ दिसतात आणि तिथं कुणाशी बोलावं लागत नाही. घरी पाहुणे आले की मी आतल्या खोलीत जाते. आपा त्यांना सांगायची, "आमच्या राहतला बघायचं असेल तर पडदा हलतोय का ते बघा."

आपा म्हणजे माझी मोठी बहीण, कमरुन्निसा. दुल्हेभाई तिचे मियाँ, जहांगीर. ते शेंद्र्याच्या एका कारखान्यात इंजिनियर आहेत. कारखान्यानं त्यांना थोड्या दिवसांच्या ट्रेनिंगला स्पेनला पाठवलं, तेव्हा त्यांनी आपाचंही तिकीट काढलं आणि पुढं एका बेटावर सुट्टी घ्यायचं ठरवलं. मागच्या वर्षी आपाचं बाळ जन्मलं त्याच दिवशी गेलं होतं. तेव्हापासून ती घरातलं सगळं करायची, पण एखादं काम संपलं की तिथंच उभी राहायची, हातात फडकं धरून, पुढं काय करायचं ते विसरल्यासारखी.

निघायच्या दिवशी मी तिच्या दंडाला इमाम-जामीन बांधला. आमच्यात प्रवासाला निघालेल्या माणसाच्या उजव्या दंडावर कापडात गुंडाळलेलं नाणं बांधतात, सुखरूप राहावं म्हणून. मागाहून ते नाणं गरिबाला द्यायचं. अम्मीचं म्हणणं असं, की जी मागं राहून वाट बघणार तिनंच तो बांधावा. अब्बांच्या शिलाईच्या दुकानातून मी हिरव्या साटीनची पट्टी आणली होती, तिच्यात रुपया घालून मी स्वतः शिवली होती. टाके वाकडे आले. शेवटी हिरवा दोरा संपला म्हणून एका टोकाला पांढरा घातला होता.

"अगे, किती घट्ट!" आपा म्हणाली. "हात काढून ठेवून घेतेस का?"

"सैल बांधला तर पडेल."

अम्मी दुल्हेभाईंच्या दंडाला दुसरा बांधत होती. त्यांची आई त्यांच्या लग्नाआधीच वारली, त्यामुळं हे काम अम्मीकडंच असतं. ते बॅगेवर बसून चेन ओढत होते. म्हणाले, "अम्मी, जरा घट्ट बांधा. मी हरवलो तर तुमच्या लेकीला फरकच पडणार नाही."

"तुम्ही हरवलात तर बॅगा कोण उचलेल?" आपा म्हणाली, आणि हसली. खरंच हसली. अम्मीनं माझ्याकडं बघितलं आणि मी अम्मीकडं.

२

बेटाचं नाव मेनोर्का. नकाशात ते पेनाच्या टोकाएवढं आहे. थंडीच्या तोंडावर तिथं कुणी जात नाही, म्हणून अख्खं घर स्वस्तात मिळालं होतं. दुल्हेभाईंचा टॅबलेट आपाकडं असायचा आणि ती त्यावरून मला व्हिडिओ कॉल करायची. माझ्याकडं संध्याकाळ व्हायला आलेली असे, तिच्याकडं दुपारच्या जेवणाची वेळ.

पहिल्या कॉलला तिनं मला घर दाखवलं. भिंती पांढऱ्या होत्या. इतक्या पांढऱ्या, की दोन भिंती कुठं मिळतात ते कळत नव्हतं. निळं दार, दगडी फरशी, मागं छोटं अंगण, आणि उतारावर खाली समुद्र. शेजारी एकही घर नव्हतं.

"तोंड दाखव ना गं," आपा म्हणाली. "मी तुला समुद्र दाखवतेय आणि तू मला पंखा दाखवतेस."

मी फोन नेहमी टेबलावर उताणा ठेवते. स्वतःचा चेहरा कोपऱ्यात दिसला की मला बोलता येत नाही.

"ऐक," म्हणून तिनं टॅबलेट खिडकीबाहेर धरला. मी कान दिला. काही ऐकू आलं नाही. वारा नाही, पाखरू नाही, समुद्र समोर हलताना दिसत होता पण त्याचाही आवाज नव्हता. माझ्या मागं रुळांवरून मालगाडी गेली, तेव्हा मी दचकले.

मग तिनं केस बांधायला हात वर केले. तिचा दंड मोकळा होता. माझ्या गाठीचा वळ तेवढा दिसत होता.

"इमाम-जामीन कुठाय?"

"दिला. पोहोचल्यावर द्यायचा असतो ना?"

"कुणाला दिला?"

"इथल्या बाईंना. आम्ही आलो तेव्हा मागच्या अंगणात बसल्या होत्या. अंगावर इतके जुने कपडे, म्हटलं यांनाच द्यावा. एवढ्या खूश झाल्या राहत! मी नुसता रुपया काढून देत होते, तर पट्टी सोडेनात. पट्टीसकट घेतला."

मागून दुल्हेभाई म्हणाले, "कौन बाई?"

"तुम्ही गाडीतून बॅगा काढत होतात."

"अगे, किल्ली दाराजवळच्या डब्यात होती. इथं मालकसुद्धा येत नाही, बाई कुठून येणार? साली साहिबा, तुमची बहीण परदेशात येऊन पहिल्याच दिवशी दानधर्म करून बसली, आणि तोही भुताला."

आपानं त्यांच्या अंगावर टॉवेल फेकला. मीही हसले. दुल्हेभाई असं बोलतातच.

घरी गेल्यावर मी अम्मीला गंमत म्हणून सांगितलं. ती मेथी निवडत होती. तिचे हात थांबले.

"तिथंच देऊन टाकला?"

"पोहोचल्यावर द्यायचा असतो, म्हणाली."

"घरी पोहोचल्यावर!" अम्मी म्हणाली. "प्रवासाचा इमाम-जामीन परत आल्यावर आपल्या दारात सोडायचा. हिच्या डोक्यात लग्नातलं राहिलं. लग्नात सासरच्या उंबऱ्यात सोडून देतात."

"मग काय फरक पडतो?"

अम्मीनं मेथीची जुडी पुन्हा हातात घेतली. "लग्नात देतात, कारण नवरी परत यायची नसते."

मग माझ्या तोंडाकडं बघून घाईनं म्हणाली, "काही नाही. नियतचं महत्त्व असतं. जा, हात धू."

३

मी स्वतःला समजावलं. दुल्हेभाई बॅगा काढत होते, तेवढ्यात साफसफाई करणारी कुणी बाई मागच्या दारानं निघून गेली असेल. त्यांनी पाहिली नाही म्हणजे ती नव्हती असं होत नाही.

पुढच्या कॉलला आपा स्वयंपाकघरात होती. तिनं टॅबलेट कशाला तरी टेकवून ठेवला होता. डोक्यावरून ओढणी घेतली होती. ती घरात कधी घेत नाही.

"काय करतेस?"

"मासे. तुझे दुल्हेभाई बाजारातून घेऊन आले." ती चुलीकडं बघत होती. बघता बघता तिनं डावा हात मागं नेला, वरच्या फळीवरून मातीचं एक बुटकं भांडं उचललं आणि त्यातलं मीठ टाकलं. मान वळवली नाही.

हे मला का खटकलं ते सांगते. आपाला स्वतःच्या घरात मीठ कधी सापडत नाही. मुकुंदवाडीच्या त्या ओट्यावर ती रोज सगळे डबे उघडते. दुल्हेभाईंनी मिठाच्या डब्यावर लाल रंगानं मोठं 'मीठ' लिहून ठेवलंय, तरी ती आधी साखरेचा उघडते. आणि आदल्या दिवशी गेलेल्या घरात ती न बघता हात मागं नेते, आणि मीठ हातात येतं.

"तुला बरं माहीत झालं सगळं," मी म्हटलं.

"हो ना. कळतंच." ती ताटं मांडायला लागली. एक, मग त्याच्या समोर दुसरं. मग टेबलाच्या टोकाला तिसरं.

"कोण आलंय?"

आपानं तिसऱ्या ताटाकडं पाहिलं. चेहरा असा झाला, जसा बाळ गेल्यानंतर काम संपल्यावर व्हायचा. मग ती हसली. "सवयीनं मांडलं गं."

कसली सवय? तिच्या घरात दोघंच असतात. मी हे विचारणार होते, तेवढ्यात टेबलाच्या टोकाची खुर्ची दगडी फरशीवर घासल्याचा आवाज आला. खुर्ची मला दिसत नव्हती. दुल्हेभाई बसले असतील.

मग दार उघडलं आणि दुल्हेभाई बाहेरून आत आले. "वा, मासे झाले!" म्हणाले.

४

त्यानंतर दुल्हेभाईंनी मला त्यांच्या स्वतःच्या फोनवरून कॉल केला. ते असं कधी करत नाहीत. ते गाडीत बसले होते, काचा बंद करून, आणि त्यांच्या मागच्या काचेतून ते पांढरं घर दिसत होतं.

"राहत, एक विचारू?" ते मला साली साहिबा म्हणाले नाहीत. "तू आपाच्या हाताला दोन बांधले होतेस का?"

"एकच."

"नीट आठव."

"एकच, दुल्हेभाई. आणि तो तिनं देऊन टाकला."

त्यांनी मोकळ्या हातानं तोंड पुसलं. "तिच्या दंडावर आहे एक. तुझा हिरवा होता ना? हा करड्या रंगाचा आहे. जुनं कापड. ओलं. मी विचारलं तर म्हणते, निघायचं म्हणजे बांधायला नको का."

"कुणी बांधला?"

"ते सांगत नाही." त्यांनी खाली समुद्राकडं बघितलं. "तिला बरं वाटतंय, हे खरं आहे. गाणं गुणगुणते. सकाळी उठून अंगण झाडते. मी म्हटलं, आपण सुट्टीला आलोय, तर म्हणते, घरातल्या बाईनं झोपून राहणं बरं दिसतं का? मी मागचं दार लावतो, ती उघडून ठेवते. मी कुणाला सांगू? मला वाटलं, तुला सांगावं. तू कुणाला बोलत नाहीस."

"आपा कुठंय?"

"समुद्रावर. ती बघ, खाली." त्यांनी फोन फिरवला. उताराच्या खाली वाळूवर आपाची निळी ओढणी दिसली. ती एकटी होती, पण अशी चालत होती जसं कुणा म्हाताऱ्या माणसाबरोबर चालतात. दोन पावलं टाकून थांबायची, मग पुन्हा दोन.

फोन परत वळला. त्यांच्या मागं घराच्या वरच्या खिडकीचं लाकडी दार आतून कुणीतरी हळूच ओढून घेतलं.

"दुल्हेभाई, वाऱ्यानं खिडकी मिटली," मी म्हटलं.

त्यांनी मागं पाहिलं नाही. "आज वारा नाही गं," ते म्हणाले. "म्हणूनच मी गाडीत बसलोय."

५

अम्मीला मी सगळं सांगितलं. माझ्यानं मनात ठेववलं नाही. दुसऱ्या दिवशी ती माझ्याबरोबर मुकुंदवाडीला आली आणि कॉल आल्यावर तिनंच फोन घेतला.

"कमर, बेटा, दंडावर काय बांधलंय ते दाखव."

आपानं बाही खाली ओढली. "काही नाही अम्मी. प्रवासाचा आहे. परवा निघायचंय ना."

"कुणी बांधला?"

"अम्माजाननं."

अम्मी माझ्याकडं वळली. मी भिंतीला टेकून उभी होते. आपाला सासू नाही. सासूला म्हणतात तसं अम्माजान म्हणायला तिच्या आयुष्यात कुणीच नव्हतं. लग्नाच्या वेळी ती म्हणायची, सासू नाही म्हणजे अर्धं लग्न झाल्यासारखं वाटतं, सून म्हणून कुणी हाकच मारणार नाही.

"कोण अम्माजान, बेटा?"

"निघणार म्हटलं तर रडल्या," आपा म्हणाली. तिच्या आवाजात लाड होता. "म्हणाल्या, जा, तुझ्या माणसांना भेटून ये. मी वाट बघते. आणि बांधला."

"कोणत्या भाषेत म्हणाल्या?" हे मी विचारलं. मला वाटलं, या प्रश्नानं ती जागी होईल.

आपा विचार करत राहिली. तिच्या मागं तीन ताटं मांडलेली होती. "मला आठवत नाही गं," ती शेवटी म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिचा आवाज घाबरल्यासारखा झाला. "राहत, मला खरंच..."

मग तिनं मान बाजूला वळवली, हाक ऐकल्यासारखी, आणि म्हणाली, "आले हं."

कॉल बंद झाला.

अम्मीनं फोन टेबलावर पालथा ठेवला. "येऊ दे," ती म्हणाली. "एकदा घरी येऊ दे. इथं आल्यावर ते सोडायचं आणि द्यायचं कुणाला तरी. दिलं की संपलं. दिलं की माणूस पोहोचलं."

६

ती आली. मुंबईहून गाडीनं दोघं आले. दुल्हेभाई दोन्ही बॅगा घेऊन पुढं वर आले आणि आपा मागून. अम्मी आणि मी आधीच तिथं होतो, दार मी उघडून ठेवलं होतं. ती उंबऱ्याच्या बाहेर थांबली.

द्वारकाबाई जिन्यात ताकाचं भांडं घेऊन उभ्या होत्या. म्हणाल्या, "अगं, आपल्याच घरात पाव्हण्यावानी काय उभी ऱ्हायलीस? जा की आत! परदेशाचं लई वारं लागलं व्हय?"

"येऊ का?" आपानं मला विचारलं.

"ये ना," मी म्हटलं, आणि मग ती आत आली.

तिनं चपला काढल्या आणि वाकून त्यांची तोंडं दाराकडं करून ठेवली. आमच्याकडं आलेले लांबचे पाहुणे ठेवतात तशा. सोफ्याच्या काठावर बसली. मी पाणी दिलं तर "तकलीफ कशाला घेतलीस" म्हणाली. मीठ शोधायला ती ओट्याकडं गेलीच नाही. बॅग उघडली नाही. दुल्हेभाईंनी उघडली तर म्हणाली, "राहू द्या ना. परत भरावी लागेल."

टॅबलेट तिथंच राहिला होता. "शेवटच्या दिवशी घाई झाली," दुल्हेभाई म्हणाले, पण माझ्या नजरेला नजर देऊन म्हणाले नाहीत. मग अम्मी आत गेल्यावर हळू आवाजात सांगितलं, "मी टेबलावरून उचलायला गेलो होतो. त्यावर हात ठेवलेला होता. मी तो तसाच सोडला."

"कुणाचा हात?"

"मी वर बघितलं नाही, राहत. मी फक्त हातापर्यंत बघितलं."

त्यांनी आणखी एक सांगितलं. विमानात आपाला झोप लागली तेव्हा त्यांनी ती करडी गाठ सोडायचा प्रयत्न केला. सुटेना. त्यांनी नखांनी धागा ओढला. डोळे न उघडता आपा म्हणाली, "नको. त्यांना लागेल."

७

अम्मीनं वेळ घालवला नाही. मुकुंदवाडी स्टेशनच्या जिन्याजवळ सरूबाई नावाची म्हातारी बसते, तिला ती जेवायला म्हणून वर घेऊन आली. सरूबाईंना खिमा-रोटी वाढली. जेवण झाल्यावर दुल्हेभाईंनी दंडावरची पट्टी सोडली, रुपया काढला आणि त्यांच्या हातावर ठेवला.

"सुखी ऱ्हाय बाबा," सरूबाई म्हणाल्या. "आलास ना घरी? बास झालं मंग."

दुल्हेभाई रडायला लागले. मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं, बाळ गेलं तेव्हाही नाही.

"कमर, आता तू," अम्मी म्हणाली.

आपा गोड हसली. लांब बाहीवरून तिनं दंडावर हात ठेवला. झाकतात तसा नाही. बाळाच्या डोक्यावर ठेवतात तसा.

"मी कसा देऊ अम्मी? मी अजून कुठं पोहोचले?"

"अगं, घरातच तर बसलीस की!" सरूबाई हसल्या. त्यांना गंमत वाटली. बोळक्या तोंडानं हसत हसतच त्या जिना उतरल्या. त्यांचं हसणं खालपर्यंत ऐकू येत होतं.

त्या दिवसापासून आपा बाल्कनीत उभी राहायला लागली. रुळांकडं बघायची. गाडी आली की विचारायची, "ही जाते का तिकडं?"

"कुठं, आपा?"

"घरी."

अब्बांनी डॉक्टरांची वेळ घेतली. डॉक्टर चांगले आहेत, ते म्हणाले, असं होतं, दुःख असं दुसरीकडून वाट काढतं, आपण औषध सुरू करू. मला ते पटलं. मला ते पटवून घ्यायचं होतं. दुःखानं माणसाला नसलेली सासूही दिसू शकते. पण दुल्हेभाईंचं दुःख वेगळं होतं, आणि हात त्यांनीही पाहिला होता. आणि खिडकी मी पाहिली होती.

८

औषध सुरू करायचं ठरलं तो दिवस नळाचा निघाला. अब्बा दुकानात होते, दुल्हेभाई कारखान्यात, आणि अम्मी औषधं आणायला खाली गेली होती. जाताना म्हणाली, "दहा मिनिटं. तिच्याजवळ बस." घरात आपा आणि मी होतो. आपा सोफ्याच्या काठावर, मी समोर पुस्तक घेऊन.

खालून हाक आली, "राहत, नळ आला गं!"

मी उठून मोटार लावली आणि पाइप पहिल्या ड्रममध्ये सोडला. मोटारीच्या आवाजात दुसरं काही ऐकू येत नव्हतं. खिशात फोन थरथरला म्हणून कळलं. मी काढला. पडद्यावर नाव होतं, 'आपा टॅबलेट'.

मी स्वतःला म्हटलं, त्या घरात नवीन पाहुणे आले असतील. टॅबलेट त्यांना सापडला असेल, शेवटचा नंबर माझा, म्हणून लावला. चांगली माणसं असतील. परत पाठवायचा असेल.

मी बटण दाबलं. फोन हातात होता. टेबलावर उताणा ठेवायचं सुचलंच नाही. कोपऱ्यात माझा चेहरा आला, मोठा, घाबरलेला.

बाकी पडद्यावर ती पांढरी खोली होती. तिथं दुपार होती. टेबल दिसत होतं आणि त्याच्यावर तीन ताटं. कुणी नव्हतं. मोटार सुरू असूनही मला त्या खोलीची शांतता ऐकू येत होती, कान दाबल्यासारखी.

मग कडेनं एक हात आत आला. म्हातारा, पांढरट, पाण्यात फार वेळ राहिल्यासारखा सुरकुतलेला. मनगटावर हिरवी साटीनची पट्टी होती. टाके वाकडे होते. एका टोकाला पांढरा दोरा.

त्या हातानं एक खुर्ची थोडी मागं ओढली. मग तळवा वर केला आणि बोटं आत वाकवली. एकदा, दोनदा. लहान मुलाला जेवायला बोलावतात तशी.

"आले हं, अम्माजान," माझ्या मागं आपा म्हणाली.

मी वळले. ती दाराशी होती आणि तिचे पाय चपलांत गेले होते. चपलांना फिरवावं लागलंच नाही, त्या तयारच होत्या. तिनं कडी काढली. मी पळत जाऊन तिचा उजवा दंड धरला. बाहीखाली गाठ होती, ओली आणि गार, आणि ती माझ्या बोटांखाली आवळत होती. आपा ओढत नव्हती. आपा नुसती उभी होती. ओढ त्या गाठीतून येत होती.

मी कधी मोठ्यानं बोलत नाही. वर्गात उत्तर येत असलं तरी हात वर करत नाही. पण मी फोन तोंडासमोर धरला आणि ओरडले. "ती येणार नाही! ती पोहोचली! मी बांधला होता तिला, मी वाट बघत होते, आणि ती माझ्याकडं पोहोचली!"

खालून द्वारकाबाईंचा आवाज आला, "काय झालं गं पोरी?"

पडद्यावर हात थांबला. बोटं अर्धी वाकलेली तशीच राहिली.

मग माझ्या मुठीत काहीतरी सैल झालं. गाठ सुटली. बाहीतून करड्या कापडाचा चिंधीसारखा तुकडा खाली पडला, आणि त्यातून एक नाणं घरंगळत जाऊन सोफ्याखाली गेलं. आपानं माझ्याकडं पाहिलं. मग माझ्या मागं पाहिलं, आणि तिच्या कपाळावर आठी आली. तिची, जुनी, मी लहानपणापासून ओळखते ती.

"राहत! अगे ड्रम वाहतोय, मोटार बंद कर ना! आठवड्याचं पाणी आहे, अक्कल आहे का?"

मला इतकं हसू आलं की रडूच आलं. ती मला बाजूला करून चपला तशाच घालून मोरीकडं धावली. मोटार बंद झाली. घरात एकदम शांत झालं, आणि आत ती पुसायला फडकं शोधत बडबडत होती, आणि ते तिला सापडत नव्हतं.

फोन अजून माझ्या हातात होता. कॉल सुरूच होता. कोपऱ्यात माझा चेहरा होता, पुरा, स्पष्ट, संध्याकाळच्या उजेडात. आत्तापर्यंत तिकडं कुणी पाहिला नव्हता तो.

हात टेबलावरून मागं गेला, कडेच्या बाहेर. भांड्याचा बारीक आवाज झाला.

मग तो चौथं ताट घेऊन परत आला.